तारेवरचा उलटा प्रवास

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा पांढुर्णा-सौसर हा टापू मध्य प्रदेशात असला, तरी त्याच्या घरांतली भाषा मराठी आहे आणि त्याच्या शेतांतले सोने म्हणजे संत्रे. २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात छिंदवाड्यापासून अलग होऊन त्याचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. नागपुराहून इटारसीकडे जाणारी आगगाडी पांढुर्णा सोडून पुढे निघाली की तिगावचे स्थानक लागते आणि तेथून चिचोंड्याकडे घाट चढू लागतो. या गावांना ऊन कधी कोणाकडे मागावे लागले नाही. आता त्या उन्हाची वीज करण्याची सोय घराच्या छपरापर्यंत येऊन पोहोचली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. एक कोटी घरांवर सौर प्लेटा बसविण्याचे तिचे उद्दिष्ट आहे आणि तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांचे साहाय्य तिच्यात ठरविलेले आहे.

ही योजना चांगली की वाईट, हा आजचा विषय नव्हे. ती चांगली आहे, असे मी आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे काही बोलणार आहे त्याचा विपर्यास होणार नाही. विषय निराळा आहे. छपरावर तयार झालेली वीज जेव्हा गावच्या तारेवर उतरते, तेव्हा त्या तारेचे काय होते? भर दुपारी, आकाशात ढगाचा ठिपका नसताना, भिंतीवरचा इन्व्हर्टर मध्येच बंद का पडतो? शेजारच्या घरातला दिवा दर एक-दोन मिनिटांनी उजळून मंद का होतो? आणि हे सगळे गावाच्या टोकाच्या घरीच अधिक का घडते? आपल्याकडे विजेचे बिल हिंदीत येते, इन्व्हर्टरच्या पडद्यावरील अक्षरे इंग्रजीत उमटतात आणि त्यावरची कुरकुर मात्र मराठीत चालते. त्या पडद्यावर दुपारी ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ असे शब्द आले, तर त्यांचा अर्थ एवढाच की तारेवरचा दाब मर्यादेपलीकडे गेला. पण तो दाब चढवला कोणी, हे त्या शब्दांवरून कळत नाही.

हे समजण्यासाठी गावची वीज कशी येते ते आधी पाहिले पाहिजे. ११,००० व्होल्टची तार गावाजवळ येते. तेथे रोहित्र असते. आपण त्याला ‘डीपी’ म्हणतो, शहरातले लोक ट्रान्स्फॉर्मर म्हणतात. तेथून तीन फेजच्या तीन तारा आणि एक न्यूट्रल अशा चार तारा खांबाखांबावरून गावात शिरतात. ही रचना करणाऱ्यांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती. वीज डीपीकडून घराकडे जाणार, घराकडून डीपीकडे कधी येणार नाही. ओढ्याचे पाणी जसे वरून खालीच वाहते, तसे.

आता तारेला स्वतःचा रोध असतो. त्यामुळे डीपीपाशी जो दाब असतो, तो वाटेत थोडाथोडा गळत जातो आणि टोकाच्या घरी कमी पोहोचतो. संध्याकाळी सगळ्या घरांतले दिवे, पंखे, दूरदर्शन संच एकदम चालू झाले की हा उतार फारच जाणवतो. टोकाच्या घरात पंखा रेंगाळतो, ट्यूब लागता लागत नाही. अभियंत्यांनी यावर एक साधा तोडगा पूर्वीपासून काढून ठेवला आहे. आपल्याकडचे डीपी ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करतात. दोन फेजांमधील ४३३ व्होल्ट म्हणजे एक फेज आणि न्यूट्रल यांमधील २५० व्होल्ट. घरास हवे असतात २३०. मग हे वरचे वीस व्होल्ट कशासाठी? वाटेत गळणाऱ्या दाबाची ती शिदोरी आहे. टोकाच्या माणसाला संध्याकाळी पुरेसे मिळावे, म्हणून आरंभीच थोडे जास्त दिलेले असते.

ही शिदोरी दुपारी मात्र अडचणीची ठरते. दुपारी गावातली माणसे शेतावर असतात आणि घरांतला विजेचा खप अगदी थोडा असतो. खप नाही म्हणजे गळती नाही, आणि गळती नाही म्हणजे डीपीपाशी असलेला चढा दाब जवळजवळ तसाच टोकापर्यंत जातो. त्यात एक भर अशी की, बऱ्याच ठिकाणी गावठाणाची वीज आणि शेतीपंपांची वीज आता वेगवेगळ्या फीडरवर आहे. गावठाणाला दिवसभर वीज मिळावी म्हणून हे केले गेले आणि ते योग्यच झाले. परंतु दुपारी ज्या मोटारींनी छपरावरची वीज आनंदाने पिऊन टाकली असती, त्या मोटारी या तारेवर नाहीतच. वीज एका तारेवर उतरते आणि तहान दुसऱ्या तारेवर असते.

अशा तारेवर सौर इन्व्हर्टर आपली वीज ढकलतो. ढकलतो हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. पाणी चढावर न्यायचे तर खालचा दाब वरच्यापेक्षा अधिक लागतो. तसेच टोकाच्या घरातून डीपीकडे प्रवाह पाठवायचा, तर टोकाचा दाब डीपीच्या दाबापेक्षा जास्त करावाच लागतो. इन्व्हर्टर तो करतो. यात त्याचा दोष नाही, ते त्याचे कामच आहे. जी तार संध्याकाळी दाब गाळते, तीच तार दुपारी उलट्या प्रवासात दाब चढविते.

येथे थोडे अंकगणित करू. ते आठवीच्या मुलालाही जमेल, म्हणून श्रोत्यांनी कंटाळू नये. समजा, डीपीपासून अर्धा किलोमीटरवर एक घर आहे. आपल्या खांबांवरून जी साधी ॲल्युमिनियमची तार जाते, तिच्या अर्ध्या किलोमीटरचा रोध ढोबळमानाने अर्धा ओहम धरता येतो. जाण्याची एक तार आणि परतीची न्यूट्रल मिळून एक ओहम. तीन किलोवॉटचा संच भर दुपारी सुमारे १३ अँपिअर प्रवाह देतो. १३ अँपिअर गुणिले एक ओहम म्हणजे १३ व्होल्टची चढ. डीपीपाशी दुपारी २४५ व्होल्ट असतील, तर या घरी झाले २५८.

आता नियम काय म्हणतो? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ साली अशा छोट्या निर्मितिसंचांसाठी विनियम केले. त्यांत असे आहे की, दाब ठरलेल्या दाबाच्या ११० टक्क्यांपलीकडे किंवा ८० टक्क्यांखाली गेला, तर संचाने दोन सेकंदांच्या आत तारेपासून अलग झाले पाहिजे. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. म्हणजे आपल्या उदाहरणातले घर एकटे असूनही बंद पडले. घरात त्या वेळी फ्रिज, पंखा असे काही चालू असेल तर तेवढा प्रवाह बाहेर जाणार नाही आणि चढ थोडी कमी होईल. पण हिशेबाची दिशा बदलत नाही.

त्याच ठिकाणी शेजारीशेजारी तीन घरे आहेत आणि तिन्ही योगायोगाने एकाच फेजवर जोडलेली आहेत, असे समजा. प्रवाह तिप्पट, चढ तिप्पट, म्हणजे ३९ व्होल्ट. अर्थात तेथपर्यंत मजल जाणारच नाही, इन्व्हर्टर आधीच एकामागून एक सुटतील. परंतु तीच तीन घरे तीन निरनिराळ्या फेजांवर जोडली तर? तीन फेजांचे प्रवाह सारखे असले की ते न्यूट्रलमध्ये परस्परांना छेदून टाकतात आणि न्यूट्रलमधून परत काहीच जात नाही. मग रोध फक्त एका तारेचा, अर्धा ओहम, आणि चढ फक्त साडेसहा व्होल्ट. २४५ अधिक साडेसहा म्हणजे २५१.५. मर्यादेच्या आत! तीच घरे, तोच सूर्य, तीच तार आणि तोच डीपी. खांबावरचा जोड तेवढा बदलला, आणि ३९ चे साडेसहा झाले. एकटे घर जेथे बंद पडत होते, तेथे तीन घरे मिळून चालू राहिली. मला या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि ती सर्वांत कमी बोलली जाते, याचे नवल वाटते.

न्यूट्रलची आणखी एक खोड येथेच सांगून ठेवतो. एकाच फेजवर वीज ढकलली जात असेल, तर न्यूट्रलचा स्वतःचा दाब जागेवरून सरकतो. मग त्या फेजच्या घरांत दाब चढतो आणि त्याच वेळी दुसऱ्या फेजांच्या घरांत तो काही व्होल्टांनी उतरतो. म्हणजे सौर संच ज्याच्या छपरावर नाही, त्याच्याही घरात त्याचे पडसाद उमटतात. त्या तारेवर तीन फेजची मोटार असेल, एखादी पिठाची चक्की असेल, तर तिच्यापर्यंत पोहोचणारे तीन दाब असमान होतात. असमान दाबावर मोटार चालते खरी, पण तापते. अभियंत्यांचा एक ढोबळ नियम आहे की, दाबांतील असमतोल साडेतीन टक्के झाला तर मोटारीच्या गुंडाळीची तापवाढ सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होते. मोटार जळाली की आपण गुंडाळी भरणाऱ्याकडे जातो, तारेकडे कोणी पाहत नाही.

दिव्याच्या उजळण्या-मंदावण्याचे कारणही आता सांगता येईल. दाब २५३ वर गेला, इन्व्हर्टर सुटला. तो सुटताच प्रवाह थांबला आणि दाब खाली आला. नियमाप्रमाणे इन्व्हर्टरने निदान साठ सेकंद थांबून, दाब स्थिर आहे अशी खात्री करून मगच पुन्हा जोडले जावे. तो तसा जोडला जातो, त्याबरोबर दाब पुन्हा चढतो आणि तो पुन्हा सुटतो. हा शिवाशिवीचा खेळ दोन-तीन तास चालतो. शेजाऱ्याच्या दिव्याला त्याची सावली दिसते. पावसाळ्यात यातच ढगांची भर पडते. ढग आला की गावातल्या सगळ्या छपरांवर जवळजवळ एकाच वेळी येतो, त्यामुळे सगळ्यांची निर्मिती एकदमच कोसळते आणि एकदमच उठते.

यात नुकसान कोणाचे, हे नीट पाहावे. डीपीजवळच्या घरात तारेची लांबी थोडी, म्हणून चढ थोडी. त्याचा संच निर्वेध चालतो. जो टोकाला आहे त्याचा दाब सर्वांत आधी मर्यादेला भिडतो, म्हणून तोच सर्वांत आधी सुटतो. तो सुटला म्हणजे दाब उतरतो आणि अलीकडच्या घरांचे संच सुखाने चालू राहतात. दोघांनीही सारखेच पैसे भरलेले, दोघांनीही कर्ज काढलेले. संध्याकाळी टोकाच्या घराला मंद पंखा आणि दुपारी त्याच घराला बंद इन्व्हर्टर! तारेच्या भूगोलाची ही शिक्षा आहे; त्या माणसाकडून काहीही चुकलेले नाही.

आणि हा त्रास मे महिन्यात सर्वांत जास्त असेल असा जो समज आहे, तोही तपासून घ्यावा. मे महिन्यात आपल्याकडे घरोघरी कूलर दुपारभर चालतात; छपरावरची बरीच वीज ते घरातच खाऊन टाकतात. शिवाय प्लेटा फार तापल्या की त्यांची निर्मिती घटते, हे अनेकांना ठाऊक नसते. खरा अडचणीचा काळ म्हणजे माघ-फाल्गुन. ऊन स्वच्छ, हवा गार, प्लेटा जोमात, आणि घरात ना कूलर ना पंखा. दाबाची नोंद घ्यायची तर ती या दिवसांत घ्यावी.

आतापर्यंत दाबाच्या मात्रेविषयी बोललो. आता तिच्या आकाराविषयी. सारणीच्या किंवा कोराडीच्या औष्णिक केंद्रात वाफेवर फिरणारे प्रचंड जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते आणि सेकंदाला पन्नास तरंग निर्माण करते. तो तरंग गुळगुळीत असतो, कारण तो एका फिरणाऱ्या वस्तूतून जन्मलेला असतो. छपरावरच्या प्लेटेत काहीच फिरत नाही. ती बॅटरीसारखा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह देते. त्या प्रवाहाचे सेकंदाला हजारो बारीक तुकडे करून, ते कमीअधिक रुंदीने मांडून, इन्व्हर्टर पन्नासच्या तरंगाची प्रतिकृती घडवितो आणि मग गाळणीतून काढून तिचे कोपरे घासतो. चांगल्या यंत्राची घासणी चांगली असते, स्वस्तातल्या यंत्राचे कोपरे राहून जातात. हे राहिलेले कोपरे म्हणजेच ज्यांना हार्मोनिक्स म्हणतात ते. मूळ पन्नासच्या तिप्पट, पाचपट, सातपट वेगाचे, १५०, २५०, ३५० असे उपतरंग.

तंबोऱ्याची तार छेडली की मूळ षड्जाबरोबर असेच वरचे स्वर सूक्ष्मपणे उमटतात आणि त्यांच्यामुळेच तंबोरा गोड वाटतो. विजेच्या तारेत मात्र या स्वरांचे गाणे होत नाही, उष्णता होते. तिप्पट वेगाचा उपतरंग तीन फेजांवरून येऊन न्यूट्रलमध्ये छेदला न जाता साचतो. पाचपट वेगाच्या उपतरंगाचे तर एक विलक्षण आहे. तीन फेजच्या मोटारीत तो मूळ तरंगाच्या उलट दिशेने फिरणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. म्हणजे मोटारीला पुढे ढकलणाऱ्या हाताबरोबर मागे ओढणारा एक बारीकसा हात सतत चालू असतो. आणि मोटारीजवळ कपॅसिटर बसविलेला असेल, तर एखाद्या ठरावीक उपतरंगाशी त्याचे सूर जुळून तो उपतरंग फुगण्याचाही संभव असतो. कपॅसिटर वारंवार फुटत असेल, तर त्यामागची ही शक्यताही पडताळून पाहावी.

तरीही येथे मला एक मत स्पष्ट मांडावेसे वाटते. हार्मोनिक्स हा शब्द भारदस्त आहे, म्हणून त्याची चर्चा फार होते. आपल्याकडील विनियमांनी या उपतरंगांना ज्या मानकाची मर्यादा लावली आहे, त्यानुसार प्रवाहातील त्यांचा एकूण वाटा पाच टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि प्रमाणित इन्व्हर्टर पूर्ण उन्हात ती सहज पाळतो. सकाळी-संध्याकाळी अंधुक उन्हात टक्केवारी वाढते, पण तेव्हा प्रवाहच थोडा असतो. शिवाय आपले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, दूरदर्शन संच हेही उपतरंग सोडतच असतात, आणि घाट चढणाऱ्या आगगाडीचे २५,००० व्होल्टवर चालणारे इंजिनही या बाबतीत काही साधुपुरुष नव्हे. सगळा दोष छपरावर टाकणे न्यायाचे होणार नाही. खेड्याच्या तारेवर पहिला प्रश्न दाबाचा, दुसरा फेजांच्या समतोलाचा, आणि उपतरंगांचा त्यानंतरचा. एकदिश प्रवाहाचा जो अंश गळून तारेत शिरू शकतो, त्यालाही अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातलेली आहे. तो वाढला तर डीपीचा लोखंडी गाभा एका अंगाला चुंबकित होऊन डीपी घुमू लागतो. तेवढे सांगून पुढे जातो.

पुष्कळांची एक तक्रार असते. छपरावर प्लेटा, वर ऊन, आणि तरीही गावची वीज गेली की घरात अंधार! मग हे कसले सौर घर? याचे उत्तर खांबावर चढलेल्या माणसाकडे पाहून द्यावे लागते. दुरुस्तीसाठी लाइनमनने वीज बंद केली आणि तो तारेला हात लावणार, इतक्यात एखाद्या घरातला इन्व्हर्टर तीच तार उलट बाजूने जिवंत ठेवीत असेल तर? डीपी तर दोन्ही बाजूंनी काम करतो. घरचे २३० व्होल्ट उलटे जाऊन वरच्या बाजूस ११,००० होऊ शकतात. म्हणून जोडणीच्या इन्व्हर्टरला असे बंधन आहे की, तारेवर कंपनीची वीज नसेल तर त्याने स्वतःही वीज द्यायची नाही. तो सतत तारेची नाडी पाहत असतो. नाडी थांबली की तोही थांबतो. ज्यांना खंडित काळातही वीज हवी, त्यांच्यासाठी बॅटरीसह येणारे संच असतात. ते आधी घराला तारेपासून पूर्ण तोडतात आणि मग घरापुरती वीज देतात. परंतु कोणी स्वतःच्या अकलेने, चेंजओव्हर स्विच न लावता, साधा बॅटरीचा इन्व्हर्टर किंवा डिझेल जनित्र घरच्या तारेत खुपसत असेल, तर तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो आहे. येथे मी सौम्य शब्द वापरू इच्छीत नाही.

गावच्या तारेवरचे हे प्रश्न गावापुरतेच राहतात असेही नाही. इन्व्हर्टर हे आज्ञाधारक यंत्र आहे. त्याला जे सांगून ठेवले असेल, ते तो दोन्हीकडे न पाहता करतो, आणि लक्षावधी यंत्रांना एकच आज्ञा दिलेली असेल तर ती सारी एकाच क्षणी ती पाळतात. जर्मनीत आरंभीच्या काळात असा नियम होता की, तारेची वारंवारता ५०.२ झाली की छपरावरच्या संचाने तत्काळ सुटावे. संच थोडे होते तोवर हा नियम शहाणपणाचा होता. पुढे छपरे इतकी वाढली की, ५०.२ चा आकडा दिसताच सगळे एकदम सुटले तर साऱ्या युरोपाच्या विद्युत्‌जालाला धक्का बसेल, हे ध्यानात आले. तेव्हा २०१२ सालापासून तीन लाखांहून अधिक संचांची फेरजुळणी करण्याचे काम त्या देशाला हाती घ्यावे लागले. कॅलिफोर्नियात १६ ऑगस्ट २०१६ रोजी वणव्यामुळे उच्च दाबाच्या तारांवर बिघाड झाला. तो क्षणभराचा होता, पण मोठ्या सौर केंद्रांतील इन्व्हर्टरांनी त्या क्षणातील वाकड्या तरंगावरून वारंवारता चुकीची वाचली आणि सुमारे १,२०० मेगावॉट निर्मिती नाहीशी झाली. आपल्या मध्य प्रदेशातील रीव्याचे सौर केंद्र ७५० मेगावॉटचे आहे, यावरून त्याचे मान कळेल.

आणि २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन व पोर्तुगाल या दोन्ही देशांत भर दुपारी अंधार झाला. त्याच्या तपासात पुढे आलेली गोष्ट आपल्या आजच्या विषयाशी फार जवळची आहे. तारांवरचा दाब चढत गेला, चढत्या दाबाने निर्मितिसंच सुटत गेले, आणि त्यांच्या सुटण्याने दाब आणखी चढला. त्याचा सारा दोष सूर्यावर टाकणे बरोबर नाही. दाब आवरण्याचे काम कोणावर सोपविले होते आणि ते पुरेसे झाले का, हा तेथला प्रश्न होता. आपल्या गावी मात्र छोटा इन्व्हर्टर सुटला की दाब उतरतो. तेवढे आपले सुदैव.

उपाय कोणते? काही उपाय यंत्रातच आहेत. नव्या इन्व्हर्टरांना असे शिकविता येते की, दाब मर्यादेजवळ आला की एकदम सुटण्याऐवजी निर्मिती हळूहळू कमी कर. त्यामुळे टोकाच्या माणसाची सगळी वीज जाण्याऐवजी थोडी जाते आणि शेजाऱ्याचा दिवा शांत राहतो. याच्या नेमका उलटा असा एक सोपा मोहही आहे. संच वरचेवर सुटतो अशी तक्रार आली की बसविणाऱ्याने आतली मर्यादाच वर सरकवून द्यायची. मालक खूश होतो. पण २६०-२६५ व्होल्ट त्याच्या आणि शेजाऱ्याच्या फ्रिजला, पंख्याला, दिव्याला रोज दुपारी सोसावे लागतात. असे कोणी सुचविले तर नको म्हणावे.

दुसरा उपाय घरात आहे. पाण्याची टाकी भरणे, धुणे, इस्त्री, दळण ही कामे अकरा ते तीन या वेळात आणली, तर जेवढी वीज घरात खपली तेवढी तारेवर चढलीच नाही. २०२३ च्या नियमदुरुस्तीत सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर नेहमीपेक्षा १० ते २० टक्के कमी ठेवण्याचे तत्त्व आले, त्यामागे हाच विचार आहे.

पण मुख्य उपाय खांबावरच आहे: घरांची तीन फेजांवर समान वाटणी, गरज पडेल तेथे जाड तार, आणि फार लांब पसरलेल्या वस्तीसाठी जवळ आणखी एक डीपी. आणि येथे ग्राहकाच्या बाजूने एक नियम उभा आहे, तो फारसा कोणास माहीत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीचे नियम दुरुस्त केले. त्यांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या छपरावरील संचाचा अर्ज तांत्रिक तपासणीविना मान्य झाला असे समजले जाते. सोय मोठी झाली. पण ज्या तपासणीत हे घर कोणत्या फेजवर आहे आणि त्या फेजवर आधीच किती संच आहेत हे कळले असते, तीच त्यामुळे वगळली गेली, हेही खरे. मात्र त्याच नियमांत असे आहे की, ५ किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी वितरण व्यवस्था बळकट करावी लागली तर तो खर्च वितरण कंपनीने स्वतः करावयाचा आहे. म्हणजे जाड तारेचे पैसे टोकाच्या घराकडे मागता येत नाहीत.

तेव्हा ज्याचा संच दुपारी सुटतो, त्याने भांडण शेजाऱ्याशी करू नये. साधा मल्टिमीटर थोड्या पैशांत मिळतो, आणि बहुतेक इन्व्हर्टर दाबाची नोंद स्वतःच ठेवतात. माघ-फाल्गुनातील आठ दिवस सकाळी नऊ, दुपारी बारा, दोन आणि रात्री आठ वाजता दाब लिहून काढावा. आजूबाजूच्या ज्या घरांवर प्लेटा आहेत त्यांनाही बरोबर घ्यावे आणि कोणाचे घर कोणत्या फेजवर आहे ते लाइनमनकडून विचारून घ्यावे. स्वतः खांबावर किंवा डीपीला हात लावू नये. मग या नोंदींसह आपल्या वीज कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. त्यात ‘व्होल्टेज जास्त आहे’ एवढेच न लिहिता, अमुक दिवशी अमुक वाजता इतके व्होल्ट, या फेजवर इतके सौर संच, तरी फेजांची वाटणी तपासून समान करावी, असे स्पष्ट लिहावे. पांढुर्णा जिल्हा मध्य प्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे येतो. स्थानिक कार्यालयाकडून दाद न मिळाल्यास जबलपूरला ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तेथे सर्वांत आधी विचारले जाते ते पहिल्या अर्जाविषयी, म्हणून अर्जाची प्रत आणि तारखेची पावती मागून घ्यावी व ती सौर संचाच्या कागदपत्रांतच लावून ठेवावी.